गाठी

उन्हाळाभर मल्लव्वा आत्यानं दीडशे मेंढ्या
बोरामणीच्या त्या तीन एकरांवर फिरवल्या.
कुसळी जमिनीसरशी झाली,
वस्तऱ्याखालून निघाल्यासारखी.
"बास आता, रेवण. ह्याच्याखाली निसता मुरूम हाय,
मुरूम खात न्हाई माझी मेंढी."

मी जनावरांच्या दवाखान्यातला कंपाउंडर.
मला ताप कळतो मेंढीचा, मातीचा नाही.
तरी सहा किलो स्टायलो पिशवीत घेऊन उभा होतो.
भुरकट बी, टोकाला बारीक आकडा,
आणि कवच असं हट्टी
की पाऊस दारात येऊन हाका मारून गेला
तरी कडी काढायचं नाही.

म्हणून पाणी उकळलं, उतरवलं, वाफ बसू दिली,
बी फडक्यात बांधून सोडलं आत.
आत्या मेंढ्या मोजते तशी मोजत होती,
विसाविसानं.
दहा विसा झाले तसं फडकं वर काढलं.
मग गुळाच्या पाण्यात काळी पूड कालवून
त्यात बी घोळलं, सावलीत पसरलं.
"गूळ कशाला? बारसं हाय का त्याचं?"

नांगर नाही लावला.
पवन्या राहू दे म्हटलं, मारवेल राहू दे,
त्यांना उठवायचं नाही,
थोडं सरकून बसा म्हणायचं.
बोराटीचा फास दोरीला बांधून
बैलामागं ओढला माळभर,
काट्यांच्या रेघा उठल्या, त्यात बी पडलं.
वरून मेंढ्या एकदा नेल्या, एकदाच,
खुरांनी दाबायला.

आणि मग फाटक बंद. वर्षभर.
इराप्पा बांधावर थांबून म्हणाला,
"काय करालास बे? गवताला कुलूप?"
आत्यानं त्याला उत्तर दिलं नाही,
मला दिलं, रात्री, भाकरी थापताना:
"मेंढ्या दुसऱ्याच्या माळावर हाइत, रेवण.
भाडं मी देतीया."

श्रावणात गवत कमरेला लागलं
आणि त्यात स्टायलो कुठं दिसेना.
आत्या उकिडवी बसली,
लोकर फाकवून गोचीड शोधतात
तसं गवत फाकवत गेली हातभर हातभर.
सापडलं. तीन तीन पानांचं, लाजरं, बोटभर.
तिनं उपटलं, मुळाकडं पाहिलं,
आणि विंचू दिसल्यासारखं टाकून दिलं.

"गाठी हाइत ह्याला."

गाठी म्हणजे काय, तिला ठाऊक होतं.
एका साली गळ्याशी गाठी आल्या
आणि एकतीस मेंढ्या
तिनं आपल्या हातांनी पुरल्या होत्या,
ह्याच माळाच्या खालच्या अंगाला.

मी खिशातलं पातं काढलं.
ज्वारीच्या दाण्याएवढी गाठ,
नखावर ठेवली, चिरली.
आत गुलाबी.

ती वाकली. बराच वेळ वाकून राहिली.
मेंढीची पापणी खाली ओढून आत बघते ती,
पांढरं असलं तर जंत,
गुलाबी असलं तर सोडून देते कळपात.
म्हणाली, "ह्याला रगत हाय की."
म्हटलं, आहे. हवेतलं ओढून घेतं,
ह्या गाठींत साठवून ठेवतं,
गळलेल्या पानांतून, कुजल्या मुळांतून
पुढच्या साली गवताला देतं.
ती हसली: "म्हंजे माळाच्या गाठीला बी
कायतरी हाय म्हणायचं."

सगळं नाही उगवलं.
खालच्या अंगाला रेघा रिकाम्याच राहिल्या,
इराप्पाची शेरडं दोनदा घुसली,
भाडं अजून थोडं फिटायचं आहे.

दुसऱ्या वर्षी पोळ्यानंतर फाटक उघडलं, सकाळी, दोन तास.
म्हातारी मेंढी सगळ्यात पुढं.
तिनं आधी गवतच खाल्लं,
स्टायलो हुंगलं, शिंकली, वळसा घालून गेली.
मला वाटलं, झालं.
दिवाळीनंतर पवन्या पिवळा पडून काडीसारखा झाला
तेव्हा ती परत आली, न बोलावता,
आणि मान खाली घालून खात राहिली.

आत्यानं तिचं तोंड धरलं,
अंगठ्यानं पापणी ओढली,
उन्हाकडं करून बघितलं,
सोडलं.